बेकु, बेडा

उद्यमबागेत आमच्या शेडला पाटी नाही,
पत्र्यावर रंगानं काढलेला एक नंबर आहे,
आत चार यंत्रं,
त्यातली दोन ताडपत्रीखाली.

मी साचे बसवतो. एकवीस वर्षं.
साचा म्हणजे पोलादाच्या पोटातली पोकळी.
तिचा आकार कुणी ठरवला, मला ठाऊक नसतं.
फोन येतो तो आदगोंडा शेठना,
हुबळीहून, इचलकरंजीहून, कधी थेट वापीहून,
आणि शेठ काचेआडून दोनातला एक शब्द मला ऐकवतात:
बेकु.
नाहीतर, बेडा.

घरी मराठी, हिशेब कन्नडात,
साच्यावर कोरलेली अक्षरं तिसऱ्याच मुलखाची.
पाहिजे आणि नको मात्र
इथल्या कुत्र्यालाही सगळ्या भाषांत कळतं.

ज्या साली सगळं बंद होतं
त्या साली आम्ही रात्रंदिवस चालू.
निळी टोपणं, हात धुवायच्या बाटल्यांची.
बावीस सेकंदांना एक ठोका, ठोक्याला सोळा टोपणं.
भरमा दाण्याच्या पोत्यांवर झोपायचा,
उठला की गालावर दाण्यांचे वळ.
कुठल्या तरी समुद्रात जहाज अडकायचं
आणि मच्छेत पोतं दोनशेनं चढायचं,
तरी बेकु, अजून बेकु.
मग एका मंगळवारी: बेडा.
चाळीस हजार टोपणं तयार,
आणि त्यांना बाटलीच नाही.
अजून माळ्यावर आहेत.
उंदीरही तोंड लावत नाहीत.

मग कुंद्याचे डबे, पाव किलोचे, झाकणावर मोर.
दोन दिवाळ्या चालले.
तिसरीला मिठाईवाला म्हणाला,
लोकांना आता पुठ्ठ्याचाच पाहिजे, प्लास्टिक बघून नाक मुरडतात.
मोर ग्रीस फासून फळीवर गेला.
मग उसाच्या रोपांचे ट्रे. काळे.

पांढऱ्यावरून काळ्यावर जायला काही लागत नाही,
दहा मिनिटांत यंत्र काळं होतं.
काळ्यावरून परत यायचं तर
दोन पोती दाणा नुसता ओकून टाकायचा,
राखी, मग धुरकट, मग दुधात माशी पडल्यासारखा,
आणि शेठ काचेआडून ते किलोकिलोनं मोजत असतात.
ओकलेला दाणा गोळा होऊन पडतो,
गरम, सुरकुतलेला, म्हशीच्या शेणाएवढा.
थंड झाल्यावर त्यात पट्टे दिसतात:
निळा, मोराचा पिवळा, काळा.
आमच्याकडे दुसरी वही नाही.

मल्लव्वा टोपणांची कड कापायची, हजारावर मजुरी.
तिला बेडा म्हणायची पाळी आली
तेव्हा शेठना तो एक शब्द जमला नाही.
नाळे बरबेड्री, म्हणाले.
शेवटी ‘री’. मान देऊन.
तिनं काही विचारलं नाही,
दारातला एक गोळा उचलला,
हे घेऊ का, म्हणाली,
आणि पदराखाली धरून नेला, लेकरासारखा नव्हे,
दगडासारखा.

परवा शेठ स्वतः माझ्यापाशी आले.
तो निळा साचा चालंल का रे अजून?
मी रॉकेलनं ग्रीस काढलं.
सोळा पोकळ्यांत सोळा ट्यूबलाइटी लागल्या.
गंज फक्त एकीत, नखाएवढा.

संध्याकाळी पिरनवाडीला गेलो.
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून
मल्लव्वानं तो गोळा उंबऱ्याशी लावलाय.
सांगितलं: सोमवारपासून या, बेकु आलंय.
ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.
मग म्हणाली, एष्टु दिन?
किती दिवस?

मी खाली बघितलं.
गोळ्यावरचे पट्टे मोजायला लागलो,
तिसऱ्याशी चुकलो,
पुन्हा पहिल्यापासून.